विश्लेषण : रहस्यमालिकांतील पात्रे मध्येच स्वभाव का बदलतात? प्रेक्षकाचे त्यात काय जाते?

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. तेथून पाचगणी आणि पुढे पसरणी घाट उतरला की वाई. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाडकडे उतरते. तेथेच उगम पावणारी कृष्णा धोम आणि वाईकडे जाते. ऑगस्ट २०१६मध्ये या दोन्ही नद्यांच्या काठांवरून राज्याला हादरवणाऱ्या बातम्या आल्या. २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने वाहून गेली. त्याच महिन्यात घाटापलीकडे धोम येथे, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली आणि जमिनीत पुरलेले मृतदेह बाहेर निघू लागले.

चार वर्षांनी या दुसऱ्या घटनेची छाया असलेली ‘देवमाणूस’ ही मालिका ‘झी मराठी’वर सुरू झाली आणि घराघरांत पोहोचली. तिची पुढची पर्वेही आली. पण तिच्याबरोबर एक तक्रारही कायम राहिली. कालपर्यंत हुशार असलेले पोलीस आज इतके भोळे कसे? साधे वाटणारे पात्र अचानक गुन्ह्यात सामील कसे? ही तक्रार एका मालिकेपुरती नाही. ‘रात्रीस खेळ चाले’पासून ‘सीआयडी’पर्यंत ती ऐकू येते. पात्रलेखनातील ही विसंगती नेमकी कशामुळे येते आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

विसंगती म्हणजे नेमके काय?

माणसाने स्वभावाविरुद्ध वागणे म्हणजे विसंगती नव्हे. भित्रा माणूस एखाद्या क्षणी धाडस करतो, कंजूस माणूस कर्ज काढून भाचीचे लग्न लावतो. अशा वागण्यानेच पात्र जिवंत होते. अट एवढीच की, त्या वागण्याचे कारण कथेत कुठे तरी सापडले पाहिजे. ते आधी दिसेल, नाही तर नंतर उलगडेल. पण ते असावे लागते.

कारण पात्रात नसून लेखकाच्या गरजेत असते, तेव्हा विसंगती निर्माण होते. आरोपी आणखी तीन महिने मोकळा हवा आहे, म्हणून तपास अधिकारी समोरचा पुरावा पाहत नाही. नायिकेला एकटे जंगलात पाठवायचे आहे, म्हणून काल सगळ्यांना सावध करणारी तीच आज फोन घरी विसरते. अशा वेळी पात्र निर्णय घेत नाही. त्याला ढकलले जाते. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता आले नाही, तरी खटकते.

रहस्यकथेत ही चूक जास्त का खुपते?

कौटुंबिक मालिकेत सासूचा स्वभाव आठवड्यात बदलला, तर प्रेक्षक हसून सोडून देतो. रहस्यकथेचा व्यवहार वेगळा असतो. लेखक खुणा पेरतो, प्रेक्षक त्या वेचतो आणि गुन्हेगार कोण हे ताडू पाहतो. या खेळातील सर्वांत मोठी खूण म्हणजे पात्राचा स्वभाव. ‘हा असे करणार नाही’ आणि ‘ही असे करू शकते’ या दोन वाक्यांवर सगळा तर्क उभा असतो. कोणीही कधीही काहीही करू शकतो असे एकदा ठरले, की तर्क करण्यात अर्थ उरत नाही.

म्हणूनच या प्रकारातील लेखकांनी पूर्वीच स्वतःला नियम घालून घेतले होते. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेली खूण वाचकापासून लपवू नये, जुळे भाऊ किंवा तोतये आणायचे असतील तर वाचकाला त्याची आधी कल्पना द्यावी, असे त्यांत म्हटले होते. हे नियम काहीशा गमतीने लिहिलेले असले, तरी त्यामागचे तत्त्व साधे होते: वाचकाला चकवा, पण फसवू नका.

मग शेरलॉक होम्समध्ये चुका नव्हत्या का?

भरपूर होत्या. डॉ. वॉटसन यांना अफगाणिस्तानातील लढाईत गोळी लागली. १८८७च्या पहिल्या कादंबरीत ती खांद्याला लागलेली आहे. दुसऱ्या कादंबरीत दुखणे पायात गेले आहे. वॉटसन यांचे नाव जॉन, पण एका कथेत त्यांची पत्नीच त्यांना जेम्स म्हणते. सर आर्थर कॉनन डॉईल यांनी १८९३मध्ये होम्सला धबधब्याच्या दरीत ढकलून संपवले आणि १९०३मध्ये तो मेलाच नव्हता असे सांगून परत आणले.

तरीही वाचकांनी होम्सला सोडले नाही. कारण होम्सची नजर, त्याचा तुसडेपणा, कंटाळा आला की त्याचे बिथरणे आणि वॉटसनचा सरळपणा यांत फरक पडला नाही. जखमेची जागा हलली, माणूस हलला नाही.

हा फरक भारतीय न्यायालयांनाही परिचित आहे. साक्षीदारांच्या जबाबात तफावत आली, तर न्यायालय तिची प्रत पाहते. वेळ, अंतर, कपड्यांचा रंग अशा किरकोळ तफावती माणसाच्या स्मरणशक्तीत स्वाभाविक आहेत. त्यांवरून साक्ष फेटाळू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३च्या भरवाडा भोगीनभाई प्रकरणासह अनेक निकालांत सांगितले आहे. घटनेच्या मुळालाच हात घालणारी तफावत असेल, तर मात्र प्रश्न गंभीर होतो. मालिकेतील पात्रांनाही हीच फूटपट्टी लावता येते. आधीच्या भागात निळी असलेली गाडी पुढच्या भागात पांढरी झाली, ही किरकोळ चूक. पुराव्याशिवाय कोणावर विश्वास न ठेवणारी अधिकारी विनाकारण आंधळी झाली, तर ती मुळावरची चूक.

‘देवमाणूस’मध्ये काय झाले?

‘देवमाणूस’चे पहिले पर्व ३१ ऑगस्ट २०२० ते १५ ऑगस्ट २०२१ या काळात रात्री साडेदहाला प्रसारित झाले. किरण गायकवाड यांनी साकारलेला डॉ. अजितकुमार देव म्हणजेच देवीसिंग हा गावाला देवमाणूस वाटतो. तो खुनी आहे, हे प्रेक्षकाला मात्र सुरुवातीपासून माहीत असते. म्हणजे ‘खून कोणी केला’ हे येथे रहस्य नव्हते. ‘हा पकडला कसा जाणार’ हे होते. अमेरिकेतील ‘कोलंबो’ ही गाजलेली मालिका याच पद्धतीची होती.

अजितकुमारचे पात्र स्वतः विसंगत नव्हते. गावासमोर गोड बोलणारा आणि दार बंद झाले की क्रूर होणारा, हे दोन मुखवटे प्रेक्षकाला ठाऊक होते. पैसा आणि स्त्रिया ही त्याची ओढही बदलली नाही. मालिका चालली ती मुख्यतः यामुळे. सरू आजी आणि टोण्या यांसारखी पात्रेही आपापल्या बोलण्या-वागण्याशी इमानी राहिली आणि म्हणून लोकप्रिय झाली.

अडचण आली ती त्याच्या भोवतीच्या पात्रांत. उलट्या बाजूने सांगितलेल्या रहस्यकथेत सगळा ताण तपास करणाऱ्याच्या बुद्धीवर असतो. ‘कोलंबो’मध्ये अधिकारी गबाळा दिसतो, पण त्याची नजर कधी झोपत नाही. ‘देवमाणूस’मध्ये एसीपी दिव्या सिंग हे पात्र कडक आणि हुशार अधिकारी म्हणून आले. पुढे ती संशयिताच्याच प्रेमात पडली आणि पुन्हा त्याच्याविरुद्ध उभी राहिली. अधिकारी प्रेमात पडू शकत नाही असे नाही. पण प्रेम आणि कर्तव्य यांतली तिची ओढाताण जितकी दिसायला हवी होती, तितकी दिसली का, हा प्रश्न उरतो. डिंपलचेही तसेच. अल्लड मुलगी म्हणून ओळख झालेले हे पात्र पुढे गुन्ह्यांत भागीदार झाले. लोभाने माणूस घसरतो हे कोणालाही पटेल. पण घसरण पायरीपायरीने दिसावी लागते. थेट तळाशी उभे केलेले पात्र पाहिले की प्रेक्षक मागचे भाग आठवू लागतो.

न्यायालयातून सुटका, नवे शत्रू, दुसऱ्या पर्वात पुनरागमन आणि २०२५मध्ये ‘मधला अध्याय’ नावाने आलेले तिसरे पर्व, असा देवीसिंगचा प्रवास लांबत गेला. प्रत्येक वेळी त्याला सुटायला वाट हवी होती. ती वाट बहुतेकदा दुसऱ्या कोणाच्या तरी शहाणपणातून काढली गेली. खलनायक जितका लांबतो, तितकी बाकीची पात्रे मूर्ख करावी लागतात, हे अशा मालिकांचे न लिहिलेले गणित आहे.

‘रात्रीस खेळ चाले’चा पेच वेगळा कसा?

फेब्रुवारी २०१६मध्ये ही मालिका सुरू झाली, तीच अण्णा नाईक यांच्या मृत्यूने. सिंधुदुर्गातील आकेरी येथे चित्रित झालेल्या पहिल्या पर्वात अण्णा, शेवंता यांचा भूतकाळ मुख्यतः इतरांच्या बोलण्यातून कळत होता. जानेवारी २०१९मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन तो भूतकाळच दाखवला. माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता घराघरांत पोहोचली.

येथे लेखकांपुढे अवघड अट होती. शेवट आधीच प्रसारित झालेला होता. दुसऱ्या पर्वात जे काही घडेल, ते पहिल्या पर्वातील माणसांच्या बोलण्याशी जुळायला हवे होते. शिवाय ज्या पात्राला प्रेक्षक डोक्यावर घेतात, त्याला क्रूर ठेवायचे की मोहक करायचे, हाही पेच होता. मार्च २०२१मध्ये तिसरे पर्व सुरू झाले. टाळेबंदीमुळे ते थांबले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच पर्वात शेवंता साकारणारी अभिनेत्रीही बदलली. नवी अभिनेत्री आली की संवादांची लय, पात्राचा ठसका, सहकलाकारांशी जुळलेले ताल हे सगळे नव्याने बसवावे लागते. कागदावर पात्र तेच राहते, पडद्यावर राहतेच असे नाही.

आणि ‘सीआयडी’?

जानेवारी १९९८मध्ये सुरू झालेली ‘सीआयडी’ दोन दशके चालली. तिचा गाभा होता ठरावीक माणसांच्या ठरावीक वागण्यात. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवत विचार करणार, दया दार तोडणार, अभिजीत संशय घेणार. बहुतेक गुन्हे एक-दोन भागांत उलगडत, त्यामुळे पात्रांना ताणण्याची गरज नव्हती. बाबूराव अर्नाळकर यांच्या झुंजार किंवा काळा पहाड या नायकांना वाचकांनी शेकडो पुस्तकांत स्वीकारले, त्याचेही कारण तेच. नायक बदलत नसे, प्रकरण बदलत असे.

डिसेंबर २०२४मध्ये ‘सीआयडी’ परतली, ती मात्र वेगळ्या वळणाने. वर्षानुवर्षांचे जिवलग अभिजीत आणि दया एकमेकांविरुद्ध उभे दाखवले गेले. एप्रिल २०२५मध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू जाहीर झाला, वाहिनीने श्रद्धांजलीही वाहिली, नवे एसीपी आले. चाहते संतापले आणि काही आठवड्यांत प्रद्युम्न परतले. अमेरिकेतील ‘डॅलस’ने १९८६मध्ये याहून मोठी उडी मारली होती. मेलेले पात्र परत आणण्यासाठी आधीचे संपूर्ण वर्ष हे एका पात्राचे स्वप्न होते, असे सांगितले गेले. अशा युक्तीने पात्र परत मिळते. पण पुढच्या वेळी कोणी मेले, तर प्रेक्षक रडत नाही; तो केव्हा परत येणार याची वाट पाहतो.

लेखकांना हे कळत नाही का?

कळते. दोष बहुधा लेखकाच्या अडाणीपणात नसून कामाच्या रचनेत असतो. त्याची कारणे अशी:

• रोजचा रतीब. दैनंदिन मालिकेला आठवड्याला पाच-सहा भाग द्यावे लागतात. अनेकदा कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. पात्राने सहा महिन्यांपूर्वी काय सांगितले होते, हे प्रत्येकाला आठवेलच असे नाही.

• गुरुवारचा आकडा. ‘बार्क’ची प्रेक्षकसंख्येची आकडेवारी दर आठवड्याला येते. एखादे पात्र चालले की त्याचा वाटा वाढतो, नाही चालले की त्याला गावाला पाठवले जाते. रहस्यकथा शेवटापासून मागे विणावी लागते. आकडे तिला पुढून उसवतात.

• शेवट ठरलेला नसणे. शंभर भागांची म्हणून आखलेली गोष्ट लोकप्रिय झाली की तीनशे भागांची होते. गुन्हेगाराला पकडण्याचा ठरलेला क्षण पुढे ढकलला जातो आणि मधली जागा पोलिसांच्या चुकांनी भरली जाते.

• कलाकार आणि परिस्थिती. कोणी मालिका सोडते, कोणी आजारी पडते. मार्च २०२०मध्ये करोनामुळे राज्यातील चित्रीकरण थांबले आणि एप्रिल २०२१च्या निर्बंधांनंतर अनेक मराठी मालिकांना राज्याबाहेर जावे लागले. अशा वेळी उपलब्ध माणसांवर कथा बेतावी लागते.

परदेशांतील मालिकांत याला उपाय म्हणून पात्रांची वही ठेवली जाते. पात्राचे वय, गाव, शिक्षण, भीती, आधीचे गुन्हे, कोणाला काय माहीत आहे, हे सगळे तीत नोंदलेले असते आणि प्रत्येक नवा लेखक ती वाचूनच कामाला लागतो. आपल्याकडेही अशी टिपणे होतात. पण ती पाळायला वेळ मिळतो का, हा खरा प्रश्न आहे.

भाषेतली विसंगती कोकणात का जाणवते?

महाड-पोलादपूरच्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट खटकते. पडद्यावरचे कोकण बहुधा मालवणी बोलते आणि रात्री भुताला घाबरते. ‘रात्रीस खेळ चाले’च्या वेळी सिंधुदुर्गातच या चित्रणावर आक्षेप घेतले गेले होते. महाड आणि पोलादपूरची बोली मालवणी नव्हे. हा भाग सह्याद्रीच्या पायथ्याचा. येथे खाडीपट्ट्याची बोली एका बाजूने येते, घाटावरची दुसऱ्या बाजूने. या रायगडाचे बोलणे रहस्यमालिकांत क्वचितच ऐकू येते.

बोली हा पात्राच्या स्वभावाचाच भाग असतो. भांडणात आणि विनोदात गावरान बोलणारे पात्र रडण्याच्या प्रसंगात अचानक पुस्तकी मराठी बोलू लागले, की तेवढ्यापुरते ते दुसरेच कोणी होते. ज्या गावचा माणूस ते पाहत असतो, त्याला हे सर्वांत आधी कळते.

ही फक्त करमणूक आहे, मग एवढा विचार कशाला?

मालिका निव्वळ कल्पित असती, तर हा मुद्दा चवीपुरता राहिला असता. ‘देवमाणूस’ मात्र सत्य घटनांवरून प्रेरित म्हणून गाजली. धोमच्या प्रकरणात २००३ ते २०१६ या काळातील सहा खुनांचा आरोप आहे. या काळात माणसे एकेक करून नाहीशी होत होती, पण त्या घटनांचा एकमेकींशी संबंध जोडला गेला नव्हता. ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, ती आरोप असलेला माणूस फार चलाख होता म्हणून नव्हे. एकेका माणसाचे बेपत्ता होणे आजूबाजूच्या जगाला किती सहज पचले, म्हणून.

मालिकेत हे कारण बदलते. खुनी सुटत राहावा म्हणून पोलिसांना ठरावीक वेळी मठ्ठ व्हावे लागते आणि बळी ठरणाऱ्या बायकांना एकामागून एक भाळावे लागते. प्रत्येकीचा स्वभाव, तिची अडचण, तिचा संशय हे सगळे बाजूला पडते. राहते ते एवढेच : ती फसली, कारण ती भोळी किंवा लोभी होती. पात्रलेखनातील आळस येथे समाजाच्या एका जुन्या सवयीला जाऊन मिळतो. बाई घरी आली नाही, की ‘गेली असेल कोणाबरोबर’ असे म्हणणारी ही सवय आहे. खऱ्या तपासात पहिले काही दिवस वाया जातात, ते अनेकदा याच वाक्यामुळे.

दुसरा परिणाम उलट्या बाजूचा आहे. मालिकेतील पात्राच्या मोठ्या विसंगती आपण माफ करतो. खऱ्या माणसाच्या लहान विसंगती मात्र करत नाही. अपघातातून वाचलेला, दरड कोसळताना पळालेला, मारहाण झालेला माणूस आज एक वेळ सांगतो, उद्या दुसरी. धक्क्यात असलेल्या माणसाचे असे होणे स्वाभाविक आहे आणि न्यायालये ते जाणतात. चावडीवर आणि मोबाइलवर मात्र तो लगेच ‘खोटे बोलतोय’ ठरतो. पूल, दरड, घाटातील अपघात यांचा अनुभव असलेल्या महाड-पोलादपूरला हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१८मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. २०२१मध्ये तळियेवर दरड कोसळली. अशा प्रत्येक घटनेनंतर माणसांना उत्तर हवे असते. ते मिळेपर्यंतची जागा तर्कवितर्क भरून काढतात.

गावातल्या ‘डॉक्टर’चे काय?

पोलादपूर तालुका डोंगराळ, वाड्या विखुरलेल्या. पावसाळ्यात घाटरस्ते बंद होतात, तेव्हा तालुक्याचे ग्रामीण रुग्णालयही लांब वाटते. अशा ठिकाणी हाकेच्या अंतरावर औषध देणारा माणूस देवासारखा वाटणे साहजिक आहे. म्हणून कथेतला खोटा डॉक्टर येथे दूरचा राक्षस वाटत नाही, ओळखीचा वाटतो.

येथे मालिकेने दाखवावे असे बरेच काही होते. नोंदणी नसताना ॲलोपॅथीचे उपचार करणे हा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या वैद्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांनी गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. नातेवाईक वाईत, तक्रारदार महाडमध्ये, अशा वेळी हे महत्त्वाचे आहे.

या सगळ्यात नाट्य नाही, असे वाहिन्यांना वाटते. पण तक्रार घेऊन ठाण्यात तिसऱ्यांदा जाणारी बहीण, नोंदवही उघडणारी हवालदार, एका जुन्या तक्रारीशी नवी तक्रार जुळल्याचे लक्षात येणारा कारकून, यांत कमी ताण नाही. शिवाय येथे पात्रांना मूर्ख करावे लागत नाही. माणसे आपल्या परीने शहाणी असूनही गुन्हेगार इतकी वर्षे कसा सुटला, हा प्रश्न त्यांना मूर्ख ठरवण्यापेक्षा अधिक भीतीदायक आहे.

चांगले पात्रलेखन कसे असते?

निशिकांत कामत यांचा २०१५चा ‘दृश्यम’ मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा आहे. गोव्यातील केबलवाला विजय साळगावकर पोलिसांना चकवतो, ते कोणत्याही अचानक उगवलेल्या हुशारीने नव्हे. तो रात्रंदिवस सिनेमे पाहतो, हे सुरुवातीलाच आणि विनोदाने दाखवले आहे. पुढची प्रत्येक चाल त्या सवयीतून येते. समोरची पोलीस अधिकारी जितकी तीक्ष्ण आहे, तितका तो मोठा वाटतो. मूळ मल्याळम चित्रपटाचीच ही ताकद आहे. अर्थात दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला आठवड्याच्या आकड्यांची भीती नसते.

दैनंदिन मालिकेला तेवढी मोकळीक नाही. पण भागांची संख्या आधी ठरवणे, शेवट लिहूनच सुरुवात करणे आणि खलनायकाला लांबवायचे असेल तर त्यालाच अधिक हुशार करणे, या तीन गोष्टी अशक्य नाहीत. खुनी सुटला पाहिजे, तर त्याने स्वतःच्या बुद्धीने सुटावे. पोलिसाची बुद्धी काढून घेऊन नव्हे.

प्रेक्षकाने काय पाहावे?

पुढच्या वेळी मालिकेत मोठे वळण आले की दोन प्रश्न विचारून पाहता येतील. हे वळण या पात्राला हवे होते की मालिकेला? आणि मागचे भाग पुन्हा पाहिले, तर त्याची एखादी खूण सापडेल का? पहिल्याचे उत्तर ‘पात्राला’ आणि दुसऱ्याचे ‘होय’ असेल, तर ते खरे रहस्य. नसेल, तर तो फक्त वेळकाढूपणा.

तिसरा प्रश्न मालिका संपल्यावरचा. ‘सत्य घटनेवरून’ असे सांगणाऱ्या गोष्टीत ज्यांचा जीव गेला, त्यांना स्वभाव मिळाला का? खुनी कसा चालतो, कसा हसतो हे प्रेक्षकाला वर्षभरानेही आठवते. ज्यांना त्याने मारले, त्यांच्यापैकी एकीचे तरी नाव, काम किंवा हट्ट आठवत नसेल, तर पात्रलेखनाची सर्वांत मोठी चूक तेथेच झालेली असते.